चोर्ल्याचे धुके आणि आमची काच

बेळगावहून गोव्याला जायचे म्हटले की आमच्या घरात रस्त्यावरून वाद होत नाही. चोर्ला घाट ठरलेला. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी ही नावे मुलांनासुद्धा पाठ आहेत. मंगेशी आमचे कुलदैवत, त्यामुळे वर्षातून एकदा तरी ही वाट होतेच.

जांबोटी मागे पडली की जंगल दाट होते. कणकुंबीला थांबून माउलीला हात जोडायचे, हा बाबांचा जुना शिरस्ता. मलप्रभा इथे उगम पावते, पूर्वेकडे वळते आणि पार कूडलसंगमला कृष्णेला भेटते. त्याच डोंगररांगेतले दुसरे पाणी म्हादईला मिळून गोव्याकडे, पश्चिमेच्या समुद्राला जाते. एकाच पावसाची ही दोन माहेरे बाबा दर खेपेला सांगतात आणि आम्ही दर खेपेला ऐकतो. पुढे चोर्ला येईपर्यंत पावसाळ्यात धुके साथ सोडत नाही. समुद्रावरचे ढग सह्याद्रीला थडकून वर चढतात आणि रस्त्यावरच उतरतात.

या रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी बाबांनीच चालवली. तीन वर्षांपूर्वी गोव्याहून रात्री परतल्यावर मात्र त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं. आता माझ्याच्याने नाही होणार," एवढेच म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनची घाई नाही. आम्हाला कारण मिळाले आणि विषय संपला. तेव्हापासून बाबा शेजारच्या सीटवर आणि गाडी माझ्याकडे.

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही दुपारी उशिरा निघालो. कणकुंबीपर्यंत झिमझिम होती. नंतर ढग फाटले आणि मावळतीचे ऊन थेट समोरून आले. क्षणात काच दुधासारखी पांढरी झाली. रस्ता नाही, वळण नाही, काही दिसेना. मागून सौ. ओरडली, "अहो, माणूस!" मी ब्रेकवर पाय दाबला. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेला एक म्हातारा गाडीपासून हातभर अंतरावर होता. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि कडेने चालू लागला. गाडीत कुणी बोलेना. मग बाबा हळूच म्हणाले, "मला असंच दिसायचं."

माझे डोळे तर ठणठणीत! पुढच्या टपरीवर चहाला थांबलो. गोव्यात भाजी उतरवून परतणारा एक टेम्पोवाला तिथे बसला होता. मी त्याला म्हटले, "केवढं हे धुकं!" त्याने समोरच्या डोंगराकडे बोट केले. डोंगरावरचे झाड न् झाड स्वच्छ दिसत होते. मग उठून त्याने आमच्या गाडीचे दार उघडले, काचेवर आतून बोट फिरवले आणि ते बोट माझ्यासमोर धरले. "इदु मंजु अल्लरी, जिड्डु!" बोटाला चक्क ओशट थर लागला होता.

बाबांनीही काचेवर बोट फिरवले आणि अंगठ्याने चोळून पाहिले. बोलले काही नाही. माझीच मान खाली गेली. तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांचा नंबर दोनदा तपासून घेतला होता. काचेला आतून हात लावायचे कुणाला सुचले नव्हते.

मी डॅशबोर्डवरचा ओला फडका मारला, तर काच आणखी बिघडली. टेम्पोवाला हसला. त्याने टपरीवाल्याकडून भांड्यांचा थोडा साबण आणि गरम पाणी घेतले. पिळलेल्या कापडाने काच पुसली, मग साध्या पाण्याने, मग कोरड्या वर्तमानपत्राने. तेवढ्यावर त्या दिवशी आम्ही केरीपर्यंत नीट उतरलो.

घरी आल्यावर याचा छडा लावला. डॅशबोर्डचे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात काही रसायने मिसळलेली असतात. गाडी उन्हात तापली की ती वाफेसारखी सुटतात आणि काचेवर बसतात. त्यात भर म्हणजे सिगारेटचा धूर, डॅशबोर्डला चकाकी आणणारे पॉलिश आणि काच धुरकटली की आपण तळहाताने पुसतो तो हात. आमच्या गाडीत तर गणपतीसमोर रोज उदबत्ती! सावलीत हा थर दिसत नाही. समोरून सूर्य किंवा दिवे आले की प्रकाश त्याच्यावर विखुरतो आणि काच पांढरी होते.

पाणी तेलाला हटवत नाही, म्हणून नुसता ओला फडका कामाचा नाही. गाडी सावलीत लावावी, काच थंड असावी, दारे उघडी ठेवावीत. आधी साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेले कापड, मग स्वच्छ पाण्याचे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून मायक्रोफायबरच्या कापडावर घ्यावे. काचेवर फवारू नये, डॅशबोर्डवर ओघळते. हे अल्कोहोल पेट घेते, तेव्हा जवळ विडी-काडी नको. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे आणि कापडाची बाजू बदलत राहावे. जुना थर असेल तर दोन-तीनदा करावे लागते. आतून उभे हात मारावेत, बाहेरून आडवे. म्हणजे राहिलेली रेघ कुठल्या बाजूची ते कळते. खालच्या कोपऱ्यांत हात पोचत नाही, तिथे शेजारच्या सीटवर बसून हात उलटा करावा. शेवटी रात्री बॅटरीच्या उजेडात पाहावे.

पावसातली वाफ वेगळी. ती आत धरली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडावी आणि बाहेरची हवा आत घ्यावी. बाहेरून धरली तर वायपर मारावा, एसीचा गारवा कमी करावा. पण काच ओशट असेल तर वाफही लवकर धरते.

त्या खेपेला परतताना कणकुंबीला मी किल्ली बाबांच्या हातात दिली. ते आधी नको म्हणाले. मग जांबोटीपर्यंत, सकाळच्या उजेडात, गाडी त्यांनी आणली. आई मागच्या सीटवर एकदाही "सावकाश" म्हणाली नाही. रात्री ते अजूनही चालवत नाहीत, कारण मोतीबिंदू आहे तो आहेच. पण दिवसा बाजारात, किणयेपर्यंत फिरायला गाडी तेच काढतात.

आपल्याकडे अमावास्येला गाडीची पूजा होते. आता आमच्या घरी पूजेआधी बाबा दोन कापडे घेऊन काच आतून पुसतात. आणि उदबत्ती गाडीच्या बाहेर लावतात.