आबांचा टेप

आबांच्या गळ्यात टेप नाही असं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा असायचा. उमापुरात त्यांचं दुकान म्हणजे ओसरीवरचं एक मशीन आणि भिंतीला खुंटी. दिवाळीच्या आधी रात्र पुरायची नाही. कारखाने सुरू झाले, अर्धं गाव ऊसतोडीला गेलं, की मशीनही गप्प. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी मला माप घ्यायला शिकवलं. "ओढू नको, सैलही सोडू नको. मधी एक बोट राहू दे, मानसाला श्वास घ्यायला." लग्नात मशीन दिलं आणि गळ्यातला टेपही काढून दिला. एका बाजूला ६० इंच, उलट बाजूला १५० सेंटिमीटर. सेंटिमीटरकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

बघितलं ते आरोग्य केंद्रात, पाचव्या महिन्यात. सिस्टरनी ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावला. वीस आठवड्यांपासून पुढं जितके आठवडे, जवळपास तितके सेंटिमीटर, असा हिशेब. माझे २८ आले. त्यांनी पुन्हा लावला. मी पडल्या पडल्या त्यांचा हात बघत होते. टेप बरोबर धरलेला होता.

बीडला सोनोग्राफी केली. डॉक्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पडदा माझ्याकडं वळवून एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. तिन्ही ठिपके लुकलुकत होते. औषधोपचाराशिवाय तिळं राहणं सात-आठ हजार बाळंतपणांत एखाद्या वेळी घडतं, असं त्या म्हणाल्या. गावात मात्र एकच प्रश्न: पोरं किती, पोरी किती? १९९४ च्या कायद्यानं ते सांगता येत नाही, आणि त्या कायद्याचे मी मनापासून आभार मानले. तेवढे महिने ती तिघं नुसती तिघं राहिली.

सातव्या महिन्यात पोट मशीनला टेकायला लागलं; पाय पायट्यावर पोचायचे, हात सुईपर्यंत पोचायचे नाहीत. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून वाकळांच्या चवडीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. दर रविवारी स्वतःचं माप घ्यायचे. ३९, ४१, ४४ इंच. आकडा वाढला की बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण तिळ्यांपैकी बहुतेक ३२-३३ आठवड्यांच्या आसपासच येतात हे मला सांगितलेलं होतं. सासूबाई विचारायच्या, "किती झालं?" मी एक इंच कमी करून सांगायचे.

३२ व्या आठवड्यात मध्यरात्री पाणी गेलं. १०८ ची गाडी, गेवराई, तिथं बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन, मग संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. शहागडच्या पुलावर गोदावरी अंधारात होती. आईनं तरीही हात जोडले.

दोन दिवसांनी तिघं आली. १६५० ग्रॅम, १५०० आणि १२८०. कपड्याविना, छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात काचपेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली ही रीत. माझ्याकडं छाती एक आणि बाळं तीन. मग एक माझ्याकडं, एक आईकडं, एक जावेकडं, आणि दर काही तासांनी अदलाबदल. जाऊबाईंनी स्वतःच्या लेकरांनाही इतकं धरलं नसेल. वाटी-चमच्यानं दूध पाजताना थेंब ओघळला तरी तिघी दचकायच्या.

घरी आल्यावर आबांचं जुनं धोतर काढलं. कितीदा धुऊन सायीसारखं झालेलं. झबली शिवायची म्हणून टेप घेतला. आबांच्या अंगठ्यानं पहिला इंच पुसून गेलाय, आणि ३० ते ४० च्या मधले आकडे गिऱ्हाइकांनी. धाकटीची छाती साडेदहा इंच भरली. तिथले आकडे कोरे करकरीत होते. इतक्या वर्षांत कुणाला लागलेच नव्हते.

टेपाखाली मी बोट घातलं.