दादाचे अडीच हजार

दादाच्या यूडीआयडी कार्डावर 75 टक्के लिहिलंय. बौद्धिक अक्षमता मोजताना 25, 50, 75, 90 किंवा 100 एवढेच आकडे असतात, मधला कुठलाही नाही. दादा 33 वर्षांचा आहे, मी 28. त्याला घड्याळ कळत नाही, पण सोलापूर स्टेशनवरची घोषणा ऐकून कुठली गाडी लेट आहे ते बरोबर सांगतो. नोटा रंगावरून ओळखतो, सुटे मोजता येत नाहीत. हे सगळं मिळून पंच्याहत्तर.

बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली आणि चालता-फिरता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर दादाच्या पालकत्वाचा अर्ज आणला. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. आमच्याकडे बऱ्याच घरांना हे बँकेत खेटे घातल्यावरच कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीवर जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेब. बाबांना ही हिशेबाची अट फार आवडली.

"आमच्यानंतर तूच," ते म्हणाले. हे मी दहावीपासून ऐकतेय. स्थळ आलं की पहिल्या फोनवरच हे सांगितलं जातं, आणि निम्मी मंडळी परत फोन करत नाहीत. त्याचं मला विशेष दुःख नाही. फुकटात गाळणी मिळाली.

दादाला सांभाळायला माझी ना नाही. मी अडले ती वेगळ्याच ठिकाणी. आमच्या ऑफिसात कुणालाही सरसकट ॲडमिन राइट्स देत नाहीत. ज्या कामापुरती परवानगी लागते तेवढीच मिळते आणि काम संपलं की काढून घेतात. इथे मात्र एका सहीनं माझ्या मोठ्या भावाचे सगळे राइट्स माझ्याकडे येणार, तेही कायमचे.

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वाचला तेव्हा कळलं की आपल्याकडे यावर आधीच विचार झालाय. भारतानं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्यातून हा कायदा आला. त्याचं कलम 14 मर्यादित पालकत्वाबद्दल आहे: ठराविक निर्णयापुरतं, ठराविक काळापुरतं, दोघांनी मिळून, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. म्हणजे दोन कायदे, दोघांतही कलम 14, आणि दोघांचा स्वभाव उलटा. एका बँकेत आम्ही दादाच्या नावानं खातं काढायला गेलो तेव्हा मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट आणा."

हा नुसता कागदाचा कीस नाही. 1994 साली पुण्यात, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढली होती. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. त्यांच्या वतीनं निर्णय घेणारे हजर होते, पण त्यांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. पुढे 2009 मध्ये चंदीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला होता, तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मानलं. दोन्ही प्रकरणं मी आईला सांगितली. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "आपण काय तसे आहोत का गं?" नाही आहोत. पण गेल्या तेहतीस वर्षांत दादाचा एकही शर्ट दादानं निवडलेला नव्हता.

आमच्या टीममधल्या एका सीनिअरची मुलगी कॅलिफोर्नियात राहते, तिला ऑटिझम आहे. तिथे 2021 च्या जुलैपासून विकासात्मक अपंगत्व असलेल्या सगळ्यांना सेल्फ-डिटरमिनेशनचा पर्याय खुला झाला. सरकार त्या व्यक्तीला वर्षाचं बजेट ठरवून देतं. त्यातून मदतनीस कोण, शिकायचं काय, दिवस कुठे घालवायचा हे तिनं ठरवायचं. रक्कम हातात येत नाही. एक वेगळी एजन्सी बिलं भागवते. सीनिअरच्या मते त्यातला कागदी व्याप एका पूर्ण वेळ नोकरीएवढा आहे, आणि तो मुलगी नाही, आईच करते. तरी मुलीनं एका मदतनीस बाईला काढून टाकलं, हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

आपल्याकडे पैसा वेगळ्या वाटेनं जातो. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ, घरौंदा या योजनांचा पैसा संस्थेकडे जातो, व्यक्तीला मिळते ती संस्थेतली जागा. निरामय विम्यात वर्षाला लाखापर्यंत औषधोपचार होतात. ते चांगलंच आहे, पण ते फक्त उपचारांपुरतं. थेट व्यक्तीच्या नावावर येणारं म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान, दिव्यांगांना महिना अडीच हजार. त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला पन्नास हजार. आमचं घर त्यात बसत नाही.

मग तोच आकडा धरून मी माझ्या पगारातून दादाचं बजेट सुरू केलं. अट एकच: यातून काय करायचं ते दादा सांगणार. त्याला विचारलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाला, "गाड्या." दर रविवारी स्टेशन.

सोबत कोण जाणार हा पहिला प्रश्न. आईनं पलीकडच्या गल्लीतले एक रिटायर्ड काका ठरवले, अगदी सज्जन माणूस. दोन रविवार झाल्यावर दादा म्हणाला, "काका नको. हात धरतात." आई दुखावली. मग बी.कॉम.ला असलेला एक मुलगा आला. तो दोन पावलं मागून चालतो. दादाला तो पसंत पडला.

बाबांनी अर्थातच वही घातली. त्या मुलाला 200, रिक्षा जाऊन-येऊन 160, दोघांची प्लॅटफॉर्म तिकिटं 20, खाणं 100. रविवारचे 480. चार रविवारांच्या महिन्यात 580 उरतात. पाच रविवार आले की शंभरच, आणि ते दादाला मंजूर असतं. तीन महिन्यांचे उरलेले साठवून त्यानं नवी पेठेतून भिंतीवरचं मोठं घड्याळ आणलं. आई म्हणाली, "अरे, तुला कळतं का त्यातलं?" दादा म्हणाला, "माझं आहे."

सगळं गोड चाललंय असं नाही. खाण्याच्या शंभरात दोन वडापाव आणि वर आइस्क्रीम बसतं, आणि दादाचं वजन आधीच जास्त आहे. एकदा तो इंजिन बघायला प्लॅटफॉर्मच्या पार टोकापर्यंत गेला. मुलगा मागेच होता, पण आईच्या कानावर आलं आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. "उद्या काही झालं तर तुझा कायदा येणार आहे का?" आईनं मला फोनवर विचारलं. मी पुण्यात बसून काय बोलणार? पुढच्या रविवारी दादा गेला. पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभं राहायचं, असं त्यानं स्वतः आईला सांगितलं. आई तरी फाटकात उभी होती, तो परत येईपर्यंत.

अर्जाचं म्हणाल तर तो आम्ही भरला. मर्यादित पालकत्वाची वाट इथे अजून कुणी चाललेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि बाबांच्या छातीतली वायर मला दिसत राहते. समिती नेमेल ते पालकत्व पूर्णच असेल. कायद्यात सांगितलेल्या मालमत्तेच्या हिशेबासोबत बाबांनी घरच्या वहीत आणखी एक रकाना पाडलाय: "कुणी ठरवलं". त्यात दा, आ, बा किंवा मी लिहायचं. गेल्या महिन्यात "दा" नऊ वेळा होतं.

तो बी.कॉम.चा मुलगा जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला येतोय. नवीन दोन मुलं भेटून गेली. दादानं दोघांना एकच विचारलं, कुठली गाडी आवडते. एकानं सिद्धेश्वर सांगितलं, दुसरा म्हणाला मी कधी ट्रेननं गेलोच नाही. मला वाटलं निकाल लागला, पण दादा काही बोलला नाही. आई रोज विचारते. तो म्हणतो, "थांब."