नऊ मिलिमीटरची बार्शी लाइट

कुर्डुवाडीला उतरणाऱ्या प्रवाशाला आज रुंद रुळांखेरीज दुसरे काही दिसत नाही. जंक्शनाचे जुने नाव बार्शी रोड होते, हेही नव्या मंडळींना सांगावे लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी लाइन टाकली. ती 1906 साली पंढरपूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपसाहेबांचा हट्ट. त्यामुळे हलके रूळ चालत आणि खर्च आवाक्यात राही. 1954 साली सरकारने ही लाइन विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूरचे रूळ रुंद झाले. प्रवासाची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या अडीच फुटांबरोबर किती बैठी स्टेशने गेली!

त्यांतल्याच एका स्टेशनावर आमचे आजोबा मास्तर होते. पुण्याचे बापूमामा, वय एक्याऐंशी, ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, त्या इमारतीची प्रतिकृती करीत होते. आईची नजर दोन वर्षांत फार मंदावली आहे, आणि तिला माहेर एकदा बोटांनी तरी पाहायचे होते.

सगळे अडले तिकीट-खिडकीपाशी. मामांच्या मते ती फलाटाकडे होती, आईच्या मते रस्त्याकडे. फोटो एकुलता एक, आणि नेमक्या भिंतीपुढे आजोबा कोट घालून उभे! अखेर टेप घेऊन मी निघालो.

जागेवर नुसते जोते उरले आहे. भोवती बाभळी, आणि मी काय मोजतो ते पाहत उभ्या असलेल्या दोन शेळ्या. जोते बत्तीस फूट लांब, चौदा फूट रुंद भरले. रस्त्याच्या बाजूची एक फरशी मात्र वाटीसारखी खोल झिजली होती, शेजारच्या फरश्या सपाट. माणसे पाय घासत उभी राहतात ती एकाच ठिकाणी. खिडकी तिथेच होती.

"अक्का जिंकली," एवढेच मामा म्हणाले, आणि तयार झालेली भिंत त्यांनी बाजूला ठेवली.

मामांचे प्रमाण सत्त्याऐंशीला एक, म्हणजे एक फुटाला साडेतीन मिलिमीटर. बत्तीस फुटांचे स्टेशन अकरा सेंटिमीटरांच्या जरासे पुढे जाते. गंमत अशी, की या प्रमाणात अडीच फुटी लाइन पावणेनऊ मिलिमीटरांची होते, आणि याहून लहान खेळगाड्यांचे नऊ मिलिमीटरी रूळ बाजारात तयार मिळतात. भिंतींसाठी स्टायरीन नावाचे पांढरे प्लॅस्टिक. ते आरपार कापायचे नसते. पट्टी धरून सुरीने दोनदा रेघ ओढायची आणि वाकवायचे, की पापडासारखे सरळ मोडते. दरवाजे-खिडक्यांची भोके मात्र भिंती उभ्या करण्याआधीच पाडावी लागतात. जोडायला लागते ते पाण्यासारखे पातळ द्रव, डिंक नव्हे. ब्रशाचे टोक सांध्याला टेकवले की ते आपोआप आत धावते, दोन्ही कडा विरघळवते आणि उडून जाते. सांधा राहतच नाही, एकच तुकडा होतो. कोपऱ्यांत आतून चौकोनी काड्या बसवायच्या. दगडांच्या फटी सुईने कोरायच्या, आणि रंगावर पातळ काळे पाणी सोडायचे, की फटी उठून दिसतात.

मामांचा हात आता कापतो. पट्टी मी दाबून धरायची आणि सुरी त्यांनी चालवायची. मी सुरीला हात लावलेला त्यांना खपत नाही. नव्या भिंतीला तीन आठवडे लागले.

आईने स्टेशन मांडीवर घेतले. छपराच्या पत्र्यावरून, मग भिंतीवरून बोट फिरवत ती खिडकीशी थांबली. बराच वेळ बोलली नाही.

"बापू, घंटा कुठाय रे?"

तिथली घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मामांनी उरलेला नऊ मिलिमीटरी रूळ शोधला आणि करवतीसाठी माझ्यापुढे हात केला.