छपरावरचं ऊन आणि बाबांची वही

दिमोनात राहणाऱ्याला उन्हाचं काय कौतुक? आमच्या गावात सावली शोधावी लागते, ऊन नाही. छपरावरचे दूद शेमेश तर सगळ्या देशातच. १९८० च्या कायद्यानं नव्या घरांना ते सक्तीचेच झाले. २००८ साली घरच्या छपरावर वीज करून विकण्याची योजना आली, आणि २०१० मध्ये आम्हीही चार किलोवॉटचं काम करून घेतलं. अठरा पॅनेलं, नऊ-नऊच्या दोन रांगा, तोंड दक्षिणेला.

त्यांची देखरेख बाबांकडे. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरसमोर चष्मा लावून उभे राहायचे आणि दिवसाचा आकडा वहीत टिपायचे. आम्ही पडलो शनवार तेल्यांची लेकरं. कोकणात पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत. पण सूर्याला शब्बाथची सुट्टी नाही! म्हणून शनिवारचा आकडा बाबा रविवारी सकाळी, एकूण बेरजेतून वजाबाकी करून काढायचे. आम्ही हसायचो. म्हणायचो, "बाबा, वीज काय तुमच्या लिहिण्यानं वाढणार आहे?"

जून २०१६ मध्ये बाबा न्हाणीघरात घसरले. आधी बीर शेव्याचं इस्पितळ, मग विश्रांतीसाठी लोदला आत्याकडे. त्या धावपळीत वही कोण उघडतो!

ऑगस्टमध्ये मुलांची सुट्टी संपत आली, तेव्हा म्हटलं, चला, दोन दिवस एलात करून येऊ. दिमोनाहून घाट उतरून अरावात आलो आणि नव्वद नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेला लागलो. डावीकडे जॉर्डनचे तांबूस डोंगर, मधूनमधून खजुराच्या बागा, आणि पाऊस म्हणाल तर त्या टोकाला वर्षाकाठी जेमतेम पंचवीस-तीस मिलीमीटर. एलातच्या अलीकडे पन्नासेक किलोमीटरवर कतुरा किबुत्झ लागतो. देशातलं पहिलं व्यापारी सौर शेत इथलंच, २०११ सालचं, जवळजवळ पाच मेगावॉटचं.

दिवस मावळत होता. कुंपणाशी उभे राहून पाहिलं, तर पॅनेलांच्या रांगेवरून एक लांबलचक कुंचा आपला आपण सरकत होता. माणूस नाही, पाण्याचा थेंब नाही. हे यंत्रमानव रात्री मऊ कापडानं धूळ ढकलून देतात. वाळवंटात पाणी आणणार कुठून? धाकटी म्हणाली, "आई, आपली कोण पुसतं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच नाही! मे ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस नाही, वसंतातल्या धुळीच्या वादळांचा थर तसाच, वर कबुतरांची कृपा.

घरी परतल्यावर पहाटे छपरावर गेलो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते, म्हणून पहाटे. मऊ ब्रश, साधं पाणी, साबण नाही. आपलं पाणी जड; सुकू दिलं तर चुन्याचे डाग पडतात, तेव्हा लगेच निपटून घेतलं. पॅनेलं लखलखली. संध्याकाळी आकडा पाहिला: तेरा युनिट. आदल्या दिवशी अकरा होते. आम्ही खूश!

मग वही उघडली. ऑगस्ट २०१५: तेवीस, चोवीस, तेवीस.

बाबांनी समासात लिहूनही ठेवलं होतं: "तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी." कारण दिवस लहान-मोठा होतो, शिवाय पॅनेल तापलं की आळसावतं, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पण म्हणून निम्मी? हे धुळीचं काम नव्हे.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. नऊची एक अख्खी रांग बंद होती. जोडणी बसवतानाच सैल राहिलेली. तापून तिचं प्लास्टिक वितळलं होतं. तो म्हणाला, "वेळेवर बोलावलंत. अशाच जोडणीतून आग लागते." खाली मुलांची खोली. आमचे हातपायच गळाले.

वाचकहो, यंत्रमानव शेताला ठीक. घरच्या छपराला दोन डोळे हवेत. आता आकडे फोनवर येतात, पण पाहणारं कुणी नसेल तर ते आले काय नि न आले काय. आकडा टिपा, धूळ पुसा, पण पुसूनही आकडा वर आला नाही तर स्वतः तारांना हात लावू नका.

बाबा घरी आले तेव्हा पहिला प्रश्न होता, "वही कुठाय?" दोन महिन्यांची कोरी पानं त्यांनी उलटून पाहिली. रागावले नाहीत. पुढच्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि पेन आमच्या हातात दिलं.

आता ते नव्वदीला टेकलेत. आम्ही इन्व्हर्टरपाशी गेलो की खुर्चीतून हाक येते, "आज किती?"