काडतुसावर खापर

पॉइंट टू टूच्या रायफलीत मिसफायर झाला की रेंजवर पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘लॉट खराब आहे.’ नळीत न जळलेल्या दारूचे दाणे दिसले की दारूला दमट हवा लागली असं ठरवून सगळे मोकळे होतात. माझं म्हणणं असं की ही दोन्ही दुखणी पुष्कळदा एकाच मुळाची असतात, आणि ते मूळ काडतुसाच्या डब्यात नसून बोल्ट आणि चेंबर जिथे भेटतात तिथे असतं. आता मला भिंगाशिवाय भागत नाही. हाताखाली शिकणाऱ्या मुलांचे डोळे तीक्ष्ण, पण ती ठसा पाहण्याआधी सुट्या भागांची यादी उघडतात. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

न फुटलेलं काडतूस खूप काही सांगतं. नळी टार्गेटकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं, मगच ते बाहेर काढायचं आणि रिमवरचा ठसा भिंगाखाली धरायचा. ठसा खोल आणि नेटका असेल, आणि काडतूस फिरवून रिमच्या दुसऱ्या जागी बसलेल्या ठोक्याला ते फुटलं, तर पहिल्या जागी प्राइमरचा मसाला पोचलाच नव्हता. इथे दोष खरोखर कारखान्याचा. पण त्याच जागी दुसऱ्या ठोक्याला फुटलं, तर पहिल्या ठोक्याचा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच गेला असं समजावं. चेंबरच्या तोंडाशी मेण आणि शिशाचं कडं साचलं की गोळी पुरती बसत नाही. ठसा उथळ असेल तर बोल्टमध्ये चिकट झालेलं तेल, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेली पिन शोधावी. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून ओढून पिनने चेंबरच्या काठाला खळगा पाडला असेल, तर रिमला पुढून आधारच उरत नाही. ती चेपण्याऐवजी वाकते आणि मसाला पेटत नाही.

आता न जळलेली दारू. पॉल व्हिएलने 1884 मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि ती किती वेगाने जळेल हे दाबावर ठरतं, हेही त्यानेच दाखवून दिलं. प्राइमर अर्धवट पेटला की दाब उशिरा चढतो आणि गोळी नळीबाहेर पडली तरी काही दाणे कच्चेच राहतात. यावर आक्षेप येतो की चार दाणे तर चांगल्या रायफलीतही सापडतात, आणि गोळ्या लागतात ना जागेवर? चार दाणे सापडतात, हे मान्य. पाहायचं ते प्रमाण कालच्यापेक्षा बदललं का. सेकंदाला 330 मीटर वेगाची गोळी 320 वर आली, तर 50 मीटरवर ती सुमारे 7 मिलिमीटर खाली लागते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्या 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं अख्खं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. खराब लॉट असूच शकत नाही, असंही मी म्हणत नाही. तोच लॉट दुसऱ्या रायफलीत आणि दुसरा लॉट या रायफलीत झाडून पाहावा. दोष कोणाच्या मागे जातो ते तासाभरात कळतं.

काही कारागीर एवढ्या वाटेला जात नाहीत, कडक स्प्रिंग बसवून गिऱ्हाईक परत पाठवतात. मिसफायर थांबतात हे खरं, पण ठोक्याचा हादरा वाढतो, आणि पिन काठापर्यंत पोचत असेल तर खळगा आणखी खोल होतो. दुखणं झाकलं म्हणजे बरं झालं असं नाही. बारच्या आवाजावरून दोष ओळखणारा म्हणून माझं नाव घेतलं की मला आजही बरं वाटतं, ती हौस सुटलेली नाही. तरी ठशापुढे माझ्या कानाचं मत मी दुय्यमच मानतो. एकाच बाबतीत कानाचं ताबडतोब ऐकावं. बार दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते, आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. अशा वेळी स्पर्धेचं घड्याळ पाहू नका. थांबा, बोल्ट काढा, नळीतून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस हातात घेऊ नका.