टायरची वॉरंटी घेतली नाही. रस्त्याची मागतोय.

गेल्या महिन्यात गाडीचे चारही टायर बदलले. पुढचे दोन तर पार गोटा झाले होते. अशा टायरवर येळाकेळीवरून समृद्धीवर चढायचं आणि १२० ची परवानगी आहे म्हणून गाडी पळवायची, हे आता घरचेच करू देत नाहीत. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळाली, २५ माणसं गेली, त्यात आपल्या वर्ध्याचीही होती. ड्रायव्हरने टायर फुटल्याचं सांगितलं. पुढे परिवहन विभागाच्या तपासात तसा पुरावा मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून आमच्याकडे कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की आई आधी टायरचं विचारते.

तर दुकानात बिल होत होतं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, एक्स्ट्रा वॉरंटी टाकून देऊ का? चारचे सोळाशेच होतात. वर्षभर टेन्शन नाही."

"कंपनीची असतेच ना?"

"असते ना जी. पण ते टायरमधल्या दोषाची. खड्ड्याची नाही."

हे मला सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी आईला तपासणीसाठी सेवाग्रामला आणत होतो. पावसाचे दिवस, खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. धाडकन आदळलो. आई मागच्या सीटवरून अर्धी खाली आली. गाडी चालत होती म्हणून तसाच पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या चाचांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, बाजूला फुगा आलाय. याच्यावर आईला घेऊन आलात?" आतले धागे तुटले की हवा तिथे बाहेर ढकलते आणि तो टायर कधीही फुटू शकतो. पंक्चर काढून तो नीट होत नाही, फेकावाच लागतो. कंपनीने सांगितलं, हा उत्पादनातला दोष नाही. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार लागला असेल तरच टायरचे निम्मे पैसे. म्हणजे बंपर फुटला असता तर बरं झालं असतं!

म्हणून यावेळी मोह झाला. पण पत्रकाराची खोड, कागद मागितला. बारीक अक्षरात लिहिलेलं: फुगा आणि मोठा काप चालेल, साधं पंक्चर नाही. हवा कमी ठेवून चालवल्याचं दिसलं तर नाही. दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंटची पावती हवी. टायर जितका झिजला तितके पैसे कापून उरलेले मिळणार. आणि मुदत एक वर्ष. माझा फुगा आला तेव्हा टायर चौदा महिन्यांचा होता. म्हणजे ही वॉरंटी तेव्हा घेतली असती तरी संपलेली असती. आठ वर्षांत माझा असा एकच टायर गेलाय, तोही पाच हजारांच्या आसपासचा. नाही घेतली.

ज्यांच्या गाडीला बारा-पंधरा हजारांचा एकेक टायर आहे आणि रोज तालुक्याच्या रस्त्यावर जाणं आहे, त्यांनी जरूर विचार करावा. फक्त पैसे देण्याआधी कागद वाचा. आणि टायरवरच्या चौकटीतले शेवटचे चार आकडे बघा. २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुना माल गळ्यात पडायला नको.

पण घरी येताना डोक्यात दुसरंच चालू होतं. खड्ड्यापासून वाचायला मी सोळाशे का द्यायचे? त्या रस्त्याचीही वॉरंटी असतेच की. सरकारी भाषेत तिला दोषदायित्व कालावधी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत तर त्याच ठेकेदाराकडे पाच वर्षं देखभाल असते. हे पैसे आपण करातून आधीच भरलेत. आपण टायरच्या दुकानात वॉरंटीवरून घासाघीस करतो, आणि इथे क्लेमच करत नाही. मीही वीस वर्षं खड्ड्यांचे फोटो छापले, पण मुदत कधी संपते हे एकदाही विचारलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झालं तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. चांगलं झालं. पण तिथवर जायची वेळच का यावी?

मग परवा त्या खड्ड्याजवळ जाऊन आलो. दरवर्षी बुजवतात, दरवर्षी उखडतो. रस्त्याच्या कडेला कामाचा फलक आहे, पण ठेकेदाराचं नाव आणि मुदत नेमकी गंजून गेली आहे. (रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की कमेंटमध्ये पक्षांची भांडणं सुरू होतील आणि खड्डा राहील बाजूला.) घरी येऊन माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, तीनच प्रश्न: काम कधी पूर्ण झालं, दोषदायित्व कधीपर्यंत आहे, आणि त्या काळात ठेकेदाराला दुरुस्तीची किती पत्रं गेली.

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की इथेच टाकतो. तुमच्या गावच्या रस्त्यासाठी तोच अर्ज हवा असेल तर मेसेज करा, नमुना पाठवतो.