जोडी कुणाची कुणाशी

मैदानात कोण एकटं पडलंय हे डाव रंगात आल्यावर कळत नाही. ते जोड्या पाडताना कळतं. दोन कप्तान लिंबाखाली उभे राहतात. बाकीची लेकरं आपापल्या तोडीचा जोडीदार गाठतात, लांब जाऊन कानात नावं ठरवतात आणि गळ्यात हात टाकून परत येतात. "वाघ घेता का सिंह?" कप्तान म्हणतो वाघ, की वाघ झालेलं पोरगं त्याच्याकडं जातं. कप्तानाच्या हाती नुसतं नाव लागतं, माणूस निवडता येत नाही. दोन्ही बाजू तोलाच्या होतात आणि 'शेवटी उरला तो' असं कुणी उरत नाही. पीटीच्या तासाला आम्ही दोन चलाख पोरं पुढं करून "निवडा आपापले गडी" म्हणतो, त्यापेक्षा ही रीत कितीतरी सभ्य. ती कुण्या मास्तरानं शिकवलेली नाही.

पण तिच्यात एक फट आहे. जोडीला जोडीदार लागतो. ज्याच्या गळ्यात कुणी हातच टाकत नाही, ते लेकरू कप्तानापर्यंत पोचतच नाही. त्याला कुणी 'नाही' म्हणालेलं नसतं, त्यामुळं तक्रार तरी काय करणार? मी हिमायतनगर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुऊन झाली की ओट्यावर बसतो आणि तेवढंच बघतो.

आमच्याकडं हे एकटेपण हंगामाप्रमाणं बदलतं. दिवाळीच्या आगेमागे काही घरं उसतोडीला जातात आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर वर्गातल्या जोड्या पक्क्या झालेल्या असतात, कुणाचा नेम चांगला, कोण रडका, सगळं ठरलेलं. परतलेली पोर पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसते, हजेरीला "हजर" म्हणते, पण मैदानात तिची जागा भरून गेलेली असते. अभ्यास भरून काढायचे वर्ग घेता येतात. या बुडालेल्या पाच महिन्यांचं काय करायचं, ते कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत.

भाषा मात्र वाटते तेवढी आड येत नाही. घरी कुणी गोरमाटी बोलतं, कुणी दखनी, कुणी तेलुगू. आदिलाबादला जाणारी रेल्वे आमच्या गावावरूनच जाते. लगोरी फुटली की पळायचं, हे सगळ्यांना सारखंच कळतं. आड येतं ते घरून आलेलं. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे लेकरू उंबऱ्याच्या आत ऐकतं आणि तिसरी-चौथीत ते जोडी पाडताना दिसायला लागतं. तिथं मी ओट्यावर बसून राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं वस्तीतली लेकरं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात, असं त्यांनी धरलं नाही.

बाकीच्या वेळी मात्र घाईनं उठू नये. विल्यम कोर्सारो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बालवाड्यांमध्ये लेकरांसोबत जमिनीवर बसून वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. मांडलेला डाव सहज मोडतो आणि नवा कुणी आला की हमखास मोडतो, म्हणून लेकरं तो जपतात, असं त्याला दिसलं. त्या नकारात दुष्टावा असतोच असं नाही. आणि "मला घेता का?" असं सरळ विचारणाऱ्याला बहुधा "नाही"च ऐकावं लागतं. जो आधी भोवती घुटमळतो, काय चाललंय ते बघतो आणि हळूच तेच करू लागतो, तो आत शिरतो.

म्हणून "सर, हे मला घेईनात" म्हणत कुणी आलं की मी त्याचा हात धरून तिकडं जात नाही. त्याला काम देऊन पाठवतो. लगोरीचा चेंडू काटेरी बोरीत गेला की आणायला तू जा. भातुकली चालली असेल तर पाहुणा होऊन जा, दारात उभं राहून "घरात कोण हाय का?" म्हण. पाहुण्याला हाकलून देणारी बाई आमच्या भागात, खेळातसुद्धा, अजून जन्मायची आहे. चहा टाकावाच लागतो.

शिकागोच्या व्हिव्हियन पेली या बालवाडी शिक्षिकेनं वेगळी वाट धरली. 'तू खेळायचं नाहीस, असं कुणी म्हणायचं नाही' हा तिनं वर्गाचा नियमच केला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मोठ्या वर्गांना विचारलं तर त्यांचं म्हणणं, नियम रास्त आहे पण चालायचा नाही. पहिली-दुसरीला मी हा नियम डोळे झाकून लावीन. चौथीची पोरं मात्र ऐकतात, घेतात, आणि सुट्टी संपेपर्यंत घेतलेल्याची बॅटिंग येऊ देत नाहीत.

लेकरांच्या स्वतःच्या सोयीसुद्धा दुधारी असतात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही; भावाच्या मागं आलेल्या चार वर्षांच्या पोराला त्यात केवढं सुख! पण नऊ वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू केलं की तो दिवसभर बोलत नाही. पाय अधू असलेल्या मुलाला अंपायर करायची मोठ्यांची हौस मला अजिबात पटत नाही. आमच्या पोरांनी तशा एकाला बॅट दिली आणि पळायला दुसरा ठेवला. तो आउट झाला की शिव्याही बरोबरीनं खातो.

राहिला चेंडूचा प्रश्न. महाशिवरात्रीला हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेतून नवा चेंडू आणला की त्याचा धनी आठवडाभर राजा. कुणाला घ्यायचं ते तोच ठरवतो आणि आउट झाला की चेंडू घेऊन घरी जातो. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्यात एक भारी बॅट घ्यावी, असा चौथीचा आग्रह असतो. मी साधे रबरी चेंडू डझनानं आणतो. धनी रुसून गेला तर जाऊ द्या, कपाटातून दुसरा काढायचा.